‘टर्मिट’ क्षेपणास्त्र : नामांतर आणि प्रयोजनांतर

शस्त्राचा इतिहास सामान्यतः पल्ला, भार व वेग यांच्या परिमाणांत सांगितला जातो. तथापि निर्यात झालेले शस्त्र देशोदेशी जाताना त्याचे नाव पालटते, आणि पुष्कळदा प्रयोजनही पालटते. मुंबईच्या नौदल-इतिहासाशी निगडित असलेले सोव्हिएत पी-15 हे क्षेपणास्त्र याचे बोलके उदाहरण होय.

1960 च्या सुमारास सोव्हिएत नौदलात दाखल झालेल्या या नौकाविरोधी अस्त्राचा पल्ला सुमारे 40 किलोमीटर व स्फोटकशीर्ष सुमारे साडेचारशे किलोग्रॅम होते. उड्डाणाच्या अंतिम टप्प्यात ते स्वतःच्या रडारने लक्ष्य शोधी. छोट्या वेगवान नौकेने मोठे जहाज बुडवावे व आपला किनारा राखावा, ही त्यामागील मूळ कल्पना. नौकांची नावेही तिला साजेशी होती : ‘कोमार’ म्हणजे डास, ‘ओसा’ म्हणजे गांधीलमाशी. रशियन भाषेत ‘टर्मिट’ म्हणजे वाळवी. पाश्चात्त्य राष्ट्रांनी मात्र या अस्त्रास ग्रीक पुराणातील मृत्युलोकाच्या नदीचे, ‘स्टिक्स’ हे नाव दिले. चीनमध्ये त्याची स्वतंत्र वंशावळ निर्माण झाली. तिच्यातील काही प्रकार पुढे ‘सिल्कवर्म’, म्हणजे रेशमाचा किडा, या पाश्चात्त्य नावाने ओळखले गेले.

21 ऑक्टोबर 1967 रोजी इजिप्तच्या ‘कोमार’ नौकांनी पोर्ट सैदजवळ ‘एलात’ ही इस्रायली विनाशिका बुडविली. त्यानंतर या अस्त्राकडे पाहण्याची जगाची दृष्टीच बदलली.

भारतास 1971 मध्ये ‘ओसा’ वर्गाच्या आठ नौका प्राप्त झाल्या. त्या कलकत्त्यास उतरवून दोरखंडाने ओढीत मुंबईस आणाव्या लागल्या. या अडचणीतूनच नवा विचार सुचला : नौका ओढून नेता येत असेल, तर तिचा अल्प इंधनपल्ला आक्रमणाच्या आड का यावा? ‘विद्युत’, ‘वीर’, ‘निपात’, ‘निर्घात’ या नव्या संस्कृत नावांत किनाररक्षणाऐवजी प्रहाराचाच ध्वनी आहे. 4 डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ व ‘वीर’ यांनी कराचीसमोर ‘खैबर’ ही विनाशिका व ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका बुडविली. नाविकांचे प्रशिक्षण सोव्हिएत देशात झाले होते. मोहिमेत बिनतारी संभाषणासाठी त्यांनी रशियन भाषा वापरली, असे या मोहिमेच्या कथनांतून आढळते. म्हणजे शस्त्राबरोबर आयात झालेली भाषाही शस्त्रासारखीच उपयोगी पडली.

परंतु या यशाची दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. ‘खैबर’वरील दोनशेहून अधिक नाविक मृत्युमुखी पडले. 8 डिसेंबरच्या रात्री ‘विनाश’ने केलेल्या दुसऱ्या हल्ल्यात पनामाच्या निशाणाचे ‘गल्फ स्टार’ हे जहाज बुडाले, तर ब्रिटिश ‘हार्मटन’ जायबंदी झाले. रडारला जहाजाचा आकार दिसतो, निशाण दिसत नाही.

अस्त्राची श्रेष्ठताही चिरस्थायी ठरली नाही. ऑक्टोबर 1973 मध्ये लाताकियाच्या लढाईत सीरियाने सोडलेली हीच क्षेपणास्त्रे इस्रायली नौदलाने विद्युत्-उपायांनी निष्प्रभ केली.

सारांश, 1967, 1971 व 1973 या तिन्ही प्रसंगी अस्त्र एकाच कुळातील होते. परिणाम मात्र भिन्न झाले. निर्यातदार यंत्र देतो, त्याचा उपयोग घेणारा ठरवितो आणि त्याची मर्यादा प्रतिपक्ष दाखवून देतो. किनारा राखण्यासाठी घडविलेल्या ‘गांधीलमाशी’ची मुंबईत ‘विद्युत’ झाली. या नामांतराचा अर्थ शब्दकोशात शोधून सापडणार नाही. तो कराचीच्या समुद्रात शोधावा लागतो.