आधारची झेरॉक्स देताना काय काळजी घ्याल? तुमच्या नावावर किती सिम आहेत, असे तपासा

गावाकडची पोरं कामासाठी अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीला जातात. तिथं खोली भाड्यानं घेताना, कामावर लागताना आधारची झेरॉक्स द्यावी लागते. ती चुकीच्या हातात पडली तर तुमच्या नावावर दुसरंच कुणी सिम वापरू शकतं. त्यावरून फसवणूक झाली की चौकशीला नाव तुमचंच येतं.

सिम तपासा : 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर मोबाईल नंबर आणि ओटीपी टाका. तुमच्या नावावरचे सगळे नंबर दिसतील. अनोळखी नंबर असेल तर 'माझा नाही' हा पर्याय निवडून तक्रार करा. महाराष्ट्रात एका नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात.

मास्क आधार : यूआयडीएआयच्या साईटवरून डाउनलोड करता येतं. यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात. कॅफेत प्रिंट काढली तर फाईल तिथंच डिलीट करायला लावा.

अंगठा लॉक : एमआधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा. मग अंगठ्यावर कुणी पैसे काढू शकत नाही. मात्र रेशनला जाताना अनलॉक करायला विसरू नका, नाहीतर मशीन अंगठा घेणार नाही.

पैसे गेलेच तर : लगेच १९३० वर फोन करा, बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. मुंबईत असाल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा. 'आमची हद्द नाही' म्हणून गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही.