तार तुटली तरी बोलणारा भोंगा

गेल्या पावसाळ्यात लातूरच्या एका शाळेत वेळ होऊन गेली तरी घंटा झाली नाही. प्रार्थना नाही, राष्ट्रगीत नाही. मुले मैदानात नुसती उभी. पूर्वी असे होणे शक्यच नव्हते. रुळाच्या तुकड्यावर शिपायाने टोला दिला की काम भागायचे. आता चार इमारतींत चार अॅम्प्लिफायर, ते नेटवर्कच्या तारेने जोडलेले, आणि सगळ्यांना आवाज पुरवणारा एकच संगणक कार्यालयात. रात्रीच्या विजेच्या लपंडावात तो संगणक बसला. चारही डब्यांचे दिवे लुकलुकत होते, पण तोंडातून शब्द नाही. अशी यंत्रे दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, म्हणून मला बोलावणे आले. दुपारपर्यंत संगणक सुरू झाला. मी निघालो तेव्हा मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "काका, यातला एकेक डबा आपापला चालू शकत नाही का?"

बाईंचा हा प्रश्न नवा नाही. आवाज लांबवर पोचवायची सोय माणसाने केली, तेव्हापासून तो आपल्या मागे आहे.

आपल्याकडे आधी दवंडी होती. हलगी घेतलेला माणूस वेशीपासून सुरुवात करी आणि गल्लोगल्ली तोच मजकूर सांगत जाई. तारही नको, वीजही नको. तो आजारी पडला तर दुसरा जाई.

मग रेडिओ आला. निजामाच्या राज्यात १९३५ साली हैदराबादला डेक्कन रेडिओ सुरू झाला. लातूर तेव्हा त्याच राज्यातले व्यापारी गाव. रेडिओ असलेली घरे फार थोडी. पण १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती जाहीर केली ती याच रेडिओवरून, आणि ज्या घरात संच होता तिथून ती गावात पसरली. पुढे १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबादची केंद्रे आकाशवाणीकडे आली. रेडिओत बोलणारा एकीकडे आणि ऐकणारे दुसरीकडे. उलट बोलायची सोय नाही, हे खरे. पण प्रत्येक संच मात्र आपापला. एक बिघडला म्हणून शेजारचा बंद पडत नसे.

ही गोष्ट किती मोठी आहे ते रशियाकडे पाहिले की कळते. तिथल्या शहरांत घरोघरी तारेवरचा भोंगा असे. त्याला स्टेशन लावायची कळ नव्हती. मध्यवर्ती अॅम्प्लिफायर जे बोलेल तेच तो बोले. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने हल्ला केला तेव्हा सरकारने लोकांचे स्वतंत्र रेडिओ जमा करून घेतले. उरला तो तारेवरचा भोंगा. लेनिनग्राडला वेढा पडल्यावर कार्यक्रम नसेल तेव्हा त्यातून मेट्रोनोमचे ठोके ऐकू येत. ठोके संथ असले तर धोका नाही, जलद असले तर विमाने येत आहेत. १९४२ च्या जानेवारीत, भर उपासमारीत, वीज संपली आणि शहरातल्या अनेक भागांतले भोंगे गप्प झाले. त्यांच्याजवळ आपले म्हणून काहीच नव्हते.

आपल्या खेड्यांत तारही नव्हती आणि वीजही नव्हती, म्हणून आकाशवाणीला वेगळा रस्ता धरावा लागला. चावडीवर सार्वजनिक संच, सोबत बॅटरी. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांची श्रोतामंडळे चालवून पाहिली. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग आपसात चर्चा करत आणि शंका केंद्राला कळवत. प्रयोग जगभर गाजला. पण सार्वजनिक संचांचे खरे दुखणे बॅटरीचेच होते. ती उतरली की संच कोनाड्यात जाऊन बसे. यंत्र कोणाच्या आधारावर उभे आहे, हे मी म्हणूनच आधी पाहतो. आवाज कुठून येतो हा एक आधार आणि वीज कुठून येते हा दुसरा.

पुढे लग्नात, जत्रेत, गणपतीत जो अॅम्प्लिफायर घरचा झाला, त्याच्या मागच्या बाजूला दोन जोडण्या असत. एक घरच्या विजेची, दुसरी बारा व्होल्टच्या मोटारीच्या बॅटरीची. पुढे माईक लावायची जागा. एवढ्या तीन गोष्टींवर तो डबा रानातही बोलत असे. त्याचे मोल मला कळले ते १९९३ साली.

मी तेव्हा लातूरला एका साऊंडवाल्याकडे कामाला होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. मिरवणूक आटोपून आम्ही भोंगे ट्रकवरच ठेवून झोपलो होतो. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. उजाडल्यावर किल्लारीचे नाव कानावर आले आणि मग सास्तूर, मंगरूळ, तळणी अशी नावे येतच राहिली. जखमींना घेऊन जीप, ट्रॅक्टर, एसटी, जे मिळेल ते लातूरकडे येत होते. दवाखान्याच्या आवारात माणसे आपल्या माणसांना शोधत फिरत होती. मालकाने मला अॅम्प्लिफायर घेऊन तिकडे पाठवले. ट्रकची बॅटरी काढून जोडली, भोंगा लिंबाच्या फांदीला बांधला. एक कारकून कागदावर नावे लिहून आणी आणि मी वाचत असे. गाव, नाव, कुठल्या खोलीत. नाव वाचले की कधी गर्दीतून कोणी धावत येई. बऱ्याच नावांना कोणीच येत नसे, ती मी पुन्हा वाची. आदल्या रात्री त्याच माईकवरून मी 'मोरया' ओरडलो होतो. नंतर पाऊस लागला तेव्हा डब्यावर पोते टाकले आणि वाचत राहिलो.

त्या भूकंपात जवळजवळ दहा हजार माणसे गेली. हे सगळे बाईंना सांगत बसलो नाही. म्हटलं, "होय बाई, चालू शकतो. करून देतो."

नेटवर्कवरून आवाज नेण्याची रीत फार जुनी नाही. अमेरिकेत १९९६ च्या सुमारास कोब्रानेट नावाची पद्धत निघाली, पुढे डांटे आली. सोय मोठी आहे. एका तारेत अनेक आवाज जातात. पण डबा डोके दुसऱ्याचे वापरू लागतो. ते डोके त्याला परत द्यायचे, एवढेच काम होते.

आधी पत्ता. नेटवर्कवर प्रत्येक डब्याला क्रमांक लागतो आणि तो संगणक वाटत असतो. वाटणारा नाहीसा झाला तर डबा १६९.२५४ ने सुरू होणारा क्रमांक स्वतःच घेतो. आधी शेजाऱ्यांना विचारतो, हा कोणाचा आहे का? मला ही रीत आवडते. पण असा क्रमांक बदलू शकतो, म्हणून चौघांना कायमचे क्रमांक दिले. मग घंटा, प्रार्थना आणि राष्ट्रगीताच्या ध्वनिफिती प्रत्येकाच्या पोटात भरल्या, वेळापत्रकही. संगणकाचा आवाज थांबला तर डबा आपल्या साठ्यावर येईल अशी मांडणी केली. माईकला सगळ्यांच्या वरचा मान दिला. तो सुरू झाला की बाकी सारे खाली बसते. हे सेटिंग वीज जाऊन आल्यावरही टिकते का, हे मुख्य कळ बंद-चालू करून तीनदा पाहिले. पुष्कळ जण हे विसरतात. शेवटी प्रत्येक डब्याला बॅटरी.

मग मी कार्यालयातली तार उपटली. बाई जरा घाबरल्या. पहिल्या इमारतीत घंटा झाली, दुसरीत झाली, चौथीत झाली. तिसरीत झाली नाही. जाऊन पाहिले तर त्या डब्याचे घड्याळ मी बारा तास मागे लावले होते.

आता चार डबे, चार घड्याळे. तार जोडलेली असली की संगणक त्यांची वेळ जुळवतो. नसली की घड्याळे हळूहळू पुढे-मागे होतात आणि घंटा एका क्षणी होत नाहीत. सुट्टीनंतर शाळा उघडली की तिसऱ्या इमारतीची घंटा काही सेकंद उशिरा होते म्हणे. मुलांनी अजून तरी तक्रार केलेली नाही.