छपरातला झरोका : ब्रिटिश संसदेचा माळा आणि तिथून ऐकणाऱ्या स्त्रिया

१/ छपराला हवेची वाट ठेवणे हे सुतार-गवंड्यांचे काम. त्याला कसला आलाय इतिहास, असे कुणालाही वाटेल. पण लंडनच्या संसदेच्या छपरात अशी एक वाट होती. सभागृहातील तापलेली हवा बाहेर जावी म्हणून ती केलेली होती; आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हाउस ऑफ कॉमन्समधील चर्चा ऐकण्यासाठी स्त्रियांना तेवढीच जागा उरली होती. आजचा धागा त्या माळ्याविषयी.

२/ प्रथम वास्तू समजून घेऊ. हाउस ऑफ कॉमन्स आज ज्या दालनात भरते ते दालन तेव्हा नव्हते. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून १८३४ पर्यंत सभागृह वेस्टमिन्स्टर राजवाड्यातील सेंट स्टीफन्स चॅपल या जुन्या राजप्रार्थनागृहात भरत असे. स्कॉटलंडबरोबर १७०७ मध्ये ऐक्य झाल्यावर सभासद ५५८ झाले आणि आयर्लंडबरोबरच्या ऐक्यानंतर, १८०१ पासून, ६५८. जागा मात्र तेवढीच राहिली.

३/ सतराव्या शतकाच्या अखेरीस वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन यांनी या उंच चॅपलचे रूप पालटले. वरच्या खिडक्या गेल्या आणि बरीच खाली अशी नवी तक्तपोशी आली. बोलणे नीट ऐकू येऊ लागले, दालन आटोपशीर झाले. तक्तपोशी आणि छप्पर यांच्यामध्ये एक प्रशस्त माळा तयार झाला. आपली सारी कथा याच माळ्यात घडते.

४/ तक्तपोशी खाली आल्याने हवेसाठीचे आकारमान घटले. त्यात शेकडो माणसांचा श्वास, जळणाऱ्या मेणबत्त्या आणि रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या चर्चा. रेन यांनी तक्तपोशीच्या चार कोपऱ्यांत चौकोनी छिद्रे ठेवली व त्यांवर माळ्यात, माथा छाटलेल्या पिरॅमिडच्या आकाराची धुराडी उभारली. गरम हवा हलकी असते, ती आपोआप वर निघून जाईल, असा हिशेब होता.

५/ हिशेब अर्धाच बरोबर निघाला. वर गेलेल्या हवेची जागा घेण्यास खालून तितकीच ताजी हवा यावी लागते. शिवाय वरची हवा थंड व जड असेल, तर ती त्याच छिद्रांतून खाली कोसळते. येथे तेच झाले, आणि थंड झोत थेट सभासदांच्या डोक्यावर येऊ लागला. आजही छपराला व्हेंट बसवणारा जाणता कारागीर आधी वळचणीखाली हवा आत येण्याची सोय पाहतो आणि मगच आढ्याजवळ ती बाहेर जाण्याची.

६/ १७२३ मध्ये हे काम जॉन थिऑफिलस देसाग्युलिये यांच्याकडे आले. न्यूटनचे सहायक राहिलेले हे वैज्ञानिक जन्माने फ्रेंच प्रॉटेस्टंट. त्यांनी माळ्याच्या दोन्ही टोकांना बंदिस्त कोठड्या करून आत शेगड्या बसवल्या आणि ती धुराडी नळ्यांनी शेगड्यांना जोडली. शेगडी पेटली की तिचा ओढा खालची कोंदट हवा खेचून घेई. तत्त्व निर्दोष होते.

७/ पण माळ्यावरच्या खोल्या सभागृहाच्या व्यवस्थापिका श्रीमती स्मिथ यांच्या ताब्यात होत्या. या उपद्व्यापाने आपल्या खोल्यांत व्यत्यय येतो, हे त्यांना मुळीच रुचले नाही. सभागृह भरून चांगले तापेपर्यंत त्या शेगड्या पेटवूच देत नसत. मग ओढा उलटा लागे आणि यंत्रणाच कुचकामी आहे असे सर्वांना वाटे. ही तक्रार स्वतः देसाग्युलिये यांनी लिहून ठेवली आहे. संसदेच्या माळ्याच्या इतिहासातील पहिली ठळक स्त्री ही अशी : छपरावर जिची सत्ता चालत होती ती.

८/ १७३६ मध्ये देसाग्युलिये यांनी शेगड्यांचा नाद सोडून चाक आणले. सात फूट व्यासाचे, आतून पात्यांनी विभागलेले हे चाक माणसाने हाताने फिरवायचे. फिरवावे तसे ते कोंदट हवा बाहेर काढी किंवा ताजी हवा आत ढकली. चाक फिरवणाऱ्या माणसाला त्यांनी नाव दिले ‘व्हेंटिलेटर’. आज यंत्राला किंवा झरोक्याला आपण जो शब्द वापरतो, तो तेव्हा एका राबणाऱ्या माणसाचे पदनाम होता.

९/ आता दुसरा धागा. अठराव्या शतकात स्त्रिया सभागृहाच्या प्रेक्षक-सज्ज्यात बसून चर्चा ऐकत. नियमाप्रमाणे सगळेच प्रेक्षक ‘परके’ गणले जात आणि एखाद्या सभासदाने हरकत घेतली की त्यांना बाहेर जावे लागे. फेब्रुवारी १७७८ मध्ये अशीच हरकत आली. पुरुष निघून गेले. सज्ज्यातील स्त्रिया मात्र हटेनात. त्यांना बाहेर काढण्यास बराच वेळ लागला, आणि त्या दिवसानंतर स्त्रियांना सज्ज्याचे दार बंद झाले.

१०/ दार बंद झाले, पण छप्पर उघडे होते. सभागृहाच्या मध्यभागी मोठे झुंबर टांगलेले असे. त्याची उष्णता व काजळी वर निघून जावी म्हणून त्याच्या माथ्यावर तक्तपोशीत मोकळी वाट होती आणि माळ्यात त्या वाटेभोवती फळ्यांचा आडोसा. त्याच आडोशाला ‘व्हेंटिलेटर’ म्हणत. फळ्यांमधून डोकावले की खाली सभागृह दिसे, आणि हवेबरोबर आवाजही वर येई.

११/ १८१८ च्या सुमारास या जागेचा असा वापर होत असल्याचे उल्लेख मिळतात. तुरुंग-सुधारणेसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय येथे येऊन गेल्या. त्याच वर्षी त्यांनी तुरुंगांच्या प्रश्नावर कॉमन्सच्या समितीपुढे साक्षही दिली होती. विसंगती पाहा : समितीपुढे जिचे म्हणणे तज्ज्ञाचे म्हणून नोंदवले जाते, तिला सभागृहाची चर्चा ऐकायची तर माळ्यावर चढावे लागते.

१२/ १८२२ मध्ये कादंबरीकार मारिया एजवर्थ तेथे गेल्या. पहारेकऱ्याच्या खोपटासारखा दिसणारा कच्च्या फळ्यांचा आडोसा, त्याभोवती मांडलेल्या जुन्या खुर्च्या, त्यांवर उभे राहून फळ्यांवरून डोकावणे आणि अगदी खाली धगधगणारे झुंबर, असे वर्णन त्यांच्या पत्रात येते. सभासदांनी सोडलेल्या श्वासाची आणि मेणबत्त्यांची धग थेट चेहऱ्यावर झेलत या स्त्रिया आपल्या देशाचे राजकारण ऐकत होत्या.

१३/ या जागेचे एक मोलाचे चित्र आपल्याकडे आहे. सभागृहाचे अधिकारी आणि ब्रिटनच्या पहिल्या जनगणनांचे सूत्रधार जॉन रिकमन यांची कन्या फ्रान्सिस हिने १८३४ मध्ये त्या माळ्याचे रेखाटन केले. ते अगदी वेळेवर झाले, कारण काही महिन्यांतच माळा राहिला नाही.

१४/ त्या काळी खाली काय चालले होते तेही ध्यानात घ्या. १८३२ च्या सुधारणा कायद्याने मताधिकार विस्तारला, पण नव्या मतदाराची व्याख्या करताना ‘पुरुष व्यक्ती’ असा शब्दप्रयोग केला. आजवर रूढीने बाहेर असलेल्या स्त्रिया आता कायद्याच्या शब्दाने बाहेर गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेरी स्मिथ या स्त्रीचा मताधिकार मागणारा अर्ज हेन्री हंट यांनी सभागृहात मांडला. या मागणीचा संसदेपुढे आलेला हा पहिला अर्ज मानला जातो.

१५/ १६ ऑक्टोबर १८३४. सरकारी हिशेबाच्या जुन्या लाकडी खूणकाठ्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या तळाशी असलेल्या भट्ट्यांत जाळण्यात आल्या. अतिरिक्त तापलेल्या धुराच्या मार्गांतून आग पसरली आणि राजवाड्याचा बहुतेक भाग भस्मसात झाला. सेंट स्टीफन्स चॅपलचे छप्पर गेले, माळा गेला, व्हेंटिलेटरही गेला. एका वास्तूतील उष्णतेची वाट चुकली तर काय होते, याचा हा धडा होता.

१६/ नव्या इमारतीत हवा हा मोठा विषय बनला. डेव्हिड बॉसवेल रीड यांनी तात्पुरत्या सभागृहात, १८३६ मध्ये, जमिनीच्या असंख्य बारीक छिद्रांतून ताजी हवा आत घेतली आणि उंच धुराड्यातील जाळाच्या ओढ्याने वापरलेली हवा छतातून बाहेर काढली. नव्या राजवाड्याचा मध्यवर्ती मनोराही रीड यांच्या आग्रहामुळे आराखड्यात आला. तो मुळात कोंदट हवेच्या निचऱ्यासाठी होता. वास्तुविशारद चार्ल्स बॅरी यांच्याशी त्यांचे इतके बिनसले की अखेर १८५२ मध्ये त्यांना जावे लागले.

१७/ स्त्रियांना या नव्या सभागृहात काय मिळाले? सभापतींच्या आसनाच्या वर, उंचावर, स्वतंत्र सज्जा. पुढे धातूची जड जाळी, खालच्या सभासदांना त्या दिसू नयेत म्हणून. माळ्यावरून त्या सज्ज्यात आल्या, पण राहिल्या छताजवळच, कोंदट हवेत आणि आडोशामागे. १८३४ पूर्वीची सवय नव्या इमारतीत कायम झाली होती.

१८/ २८ ऑक्टोबर १९०८ रोजी म्युरिएल मॅटर्स आणि हेलन फॉक्स यांनी स्वतःला साखळदंडांनी याच जाळीला जखडून घेतले आणि मताधिकाराच्या घोषणा दिल्या. त्यांना सोडवता येईना, म्हणून जाळीचे भागच काढून त्यांच्यासकट बाहेर न्यावे लागले. एप्रिल १९१० मध्ये एमिली डेव्हिसन संसदेच्या उष्णता-वायुवीजनाच्या पोकळीत शिरून रात्रभर लपून राहिल्या. पंतप्रधान ॲस्क्विथ यांना सभागृहातच प्रश्न विचारण्याचा त्यांचा मनसुबा होता. पाण्याच्या शोधात बाहेर आल्या तेव्हा त्या सापडल्या. हवेच्या वाटेने संसद गाठण्याची परंपरा शंभर वर्षे टिकली होती, म्हणायचे.

१९/ ऑगस्ट १९१७ मध्ये जाळी काढण्याचा निर्णय झाला. १९१८ मध्ये तीस वर्षांवरील, मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या स्त्रियांना मताधिकार मिळाला, आणि डिसेंबर १९१९ मध्ये नॅन्सी ॲस्टर यांनी सभागृहात आसन घेतले. कॉमन्सच्या बाकावर बसणारी ही पहिली स्त्री.

२०/ शब्दांकडेही एकदा पाहू. इंग्रजीत खिडकीला जो शब्द आहे, तो जुन्या नॉर्स भाषेतील ‘वाऱ्याचा डोळा’ या अर्थाच्या शब्दापासून आला. आपल्या ‘गवाक्षा’तही डोळाच आहे, आणि झरोका हवेसाठी असतो तसा पाहण्यासाठीही. हवा आणि नजर यांची वाट भाषांनी फार पूर्वीच एक मानली होती. वेस्टमिन्स्टरच्या स्त्रियांनी तिचा वापर केला इतकेच.

२१/ त्या चॅपलच्या जागेवर आज सेंट स्टीफन्स हॉल आहे. जुन्या सभापतींचे आसन कुठे होते ते तेथील जमिनीत पितळी खुणांनी दाखवले आहे. स्त्रिया ज्या माळ्यावरून ऐकत, त्याची खूण वर कुठेच नाही. मात्र भिंतीलगतच्या एका पुतळ्याच्या पायाची आर तुटलेली दिसते. १९०९ मध्ये मताधिकारवादी स्त्रियांनी येथल्या पुतळ्यांना स्वतःला साखळदंडांनी जखडून घेतले होते, तेव्हा ती तुटली. कधी गेलात तर आधी तो पुतळा पाहा आणि मग मान वर करून छताकडे.

धागा समाप्त.