कॅल्व्हिनपंथीय संज्ञा

कॅल्व्हिनपंथीय संज्ञा : फ्रेंच धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन (१० जुलै १५०९–२७ मे १५६४) याच्या शिकवणुकीशी निगडित असलेल्या ख्रिस्ती परंपरेतील शब्द. त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. कॅल्व्हिनिस्ट, रिफॉर्म्ड, ह्यूगनॉट, प्यूरिटन, प्रेसबिटेरियन ही समूहवाचक नावे पहिल्या वर्गात, तर पूर्वनियोजन, निवड, पाचारण, कृपा ही सिद्धांतवाचक पदे दुसऱ्या वर्गात मोडतात. पहिल्या वर्गातील अनेक नावे विरोधकांनी हिणवण्यासाठी रूढ केली आणि कालांतराने ती त्या त्या समूहाची ओळख बनली. दुसऱ्या वर्गातील पदांना धर्मशास्त्रात काटेकोर अर्थ आहे. व्यवहारात मात्र तो शिथिल झाला, काही वेळा अगदी उलटला. हे अर्थांतर केवळ भाषाशास्त्रीय कुतूहलाचा विषय नाही. सोळाव्या व सतराव्या शतकांत यूरोपातील एखाद्या समूहाला कोणते नाव लावले जाते, यावर त्याचे नागरी हक्क, मालमत्ता आणि प्रसंगी जीवितही अवलंबून असे.

कॅल्व्हिनिस्ट व रिफॉर्म्ड : कॅल्व्हिनचा जन्म उत्तर फ्रान्समधील न्वायाँ येथे झाला. त्याचे मूळ आडनाव कोव्हँ. त्याच्या ‘काल्व्हिनुस’ या लॅटिन रूपावरून कॅल्व्हिन हे नाव प्रचारात आले. इन्स्टिट्यूट्स ऑफ द ख्रिश्चन रिलिजन हा त्याचा ग्रंथ १५३६ मध्ये बाझेल येथे लॅटिनमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सहाच प्रकरणे होती. १५५९ च्या अखेरच्या लॅटिन आवृत्तीत ती ऐंशी झाली. १५४१ पासून मृत्यूपर्यंत त्याचे कार्यक्षेत्र जिनीव्हा हे होते.

‘कॅल्व्हिनिस्ट’ हा शब्द त्याच्या अनुयायांनी घडविलेला नाही. प्रभुभोजनाच्या विधीतील भाकर व द्राक्षारस यांत ख्रिस्ताचे शरीर प्रत्यक्ष उपस्थित असते, असे ल्यूथरपंथीय मानीत. ख्रिस्ताशी घडणारे मीलन खरे असले, तरी ते पवित्र आत्म्याच्या द्वारे घडते, असे कॅल्व्हिनचे प्रतिपादन होते. १५५० नंतरच्या दशकात हॅम्बर्गचा ल्यूथरपंथीय धर्मोपदेशक योआकिम व्हेस्टफाल याच्याशी या प्रश्नावर कडाक्याचा वाद झाला आणि त्या सुमारास प्रतिपक्षाला उद्देशून हे नाव वापरले जाऊ लागले. एका व्यक्तीच्या नावाने पंथ ओळखला जाणे म्हणजे तो मानवनिर्मित ठरविणे होय. म्हणून स्वतः कॅल्व्हिनने या नावाविषयी नापसंती दर्शविली. त्याचे सहधर्मी स्वतःला ‘ईश्वरी वचनानुसार सुधारलेले’ या अर्थी ‘रिफॉर्म्ड’ म्हणवीत. त्स्विंग्ली, बुत्सर, बुलिंगर, बेझ इत्यादींचाही या परंपरेच्या घडणीत मोठा वाटा आहे. त्यामुळे अनेक इतिहासकार ‘कॅल्व्हिन पंथ’ यापेक्षा ‘रिफॉर्म्ड परंपरा’ ही संज्ञा अधिक यथार्थ समजतात.

या दोन नावांतील भेदाला कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्व होते. १५५५ च्या ऑग्सबर्गच्या तहाने पवित्र रोमन साम्राज्यात कॅथलिक आणि १५३० च्या ऑग्सबर्ग श्रद्धानिवेदनाचे अनुयायी एवढ्यांनाच मान्यता मिळाली. कॅल्व्हिनिस्ट ठरणे म्हणजे या संरक्षणाबाहेर जाणे होते. पॅलाटिनेटचा निर्वाचक राजा तिसरा फ्रीड्रिख याने १५६३ मध्ये हायडल्बर्ग प्रश्नोत्तरावली तयार करविली. तीमुळे १५६६ च्या साम्राज्यसभेत त्याच्यावर कॅल्व्हिनपंथी असल्याचा आरोप आला व आपण तहाच्या कक्षेतच आहोत, असा बचाव त्याला करावा लागला. रिफॉर्म्ड पंथीयांना त्या नावानिशी कायदेशीर मान्यता मिळण्यास १६४८ चा वेस्टफेलियाचा तह उजाडावा लागला.

ह्यूगनॉट : फ्रान्समधील कॅल्व्हिनपंथीयांचे हे नाव. त्याच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. ‘शपथबद्ध सहकारी’ या अर्थाच्या स्विस-जर्मन शब्दाचे जिनीव्हात झालेले रूपांतर, ही उपपत्ती विशेष प्रचलित आहे. तूर शहरात रात्री भटकणाऱ्या ह्यूगो राजाच्या पिशाचाशी, गुप्तपणे रात्री प्रार्थनेस जमणाऱ्या या लोकांचा संबंध जोडणारी दंतकथाही आढळते. कसेही असले, तरी प्रारंभी हा शब्द कुत्सित होता. फ्रेंच शासकीय भाषेत या पंथाला ‘तथाकथित सुधारित धर्म’ म्हणत. विशेष म्हणजे या लोकांना उपासनेचे व नागरी हक्क देणाऱ्या १५९८ च्या नँटच्या राजाज्ञेतही हीच शब्दयोजना आहे. सवलत दिली, पण धर्माच्या खरेपणाविषयीचा नकार शब्दात कायम राहिला. १६८५ मध्ये चौदाव्या लूईने ती राजाज्ञा रद्द केली आणि सु. दीड ते दोन लाख लोकांनी देशत्याग केला. हॉलंड, इंग्लंड, ब्रांडेनबुर्क, स्वित्झर्लंड या प्रदेशांत व काही प्रमाणात आफ्रिकेतील केप वसाहतीत ते स्थायिक झाले. आश्रय घेणारा या अर्थाचा ‘रेफ्यूझिए’ हा फ्रेंच शब्द त्यांच्याबरोबर इंग्लंडमध्ये पोहोचला व ‘रेफ्यूजी’ या रूपाने इंग्रजीत रुळला. आज कोणत्याही देशाच्या वा धर्माच्या निर्वासितास लावला जाणारा हा शब्द इंग्रजीत प्रथम या परागंदा कॅल्व्हिनपंथीयांसाठी वापरला गेला.

प्यूरिटन व प्रेसबिटेरियन : इंग्लंडच्या चर्चमध्ये उरलेले कॅथलिक धर्तीचे विधी व वेशभूषा काढून टाकून ते ‘शुद्ध’ करावे, अशी मागणी करणाऱ्यांना पहिल्या एलिझाबेथच्या कारकीर्दीत, १५६० नंतरच्या दशकात, प्यूरिटन हे उपहासात्मक नाव मिळाले. मूळ वाद उपासनापद्धतीचा व चर्चच्या व्यवस्थेचा होता. परंतु आज इंग्रजीत व तिच्या द्वारे इतर भाषांतही ‘प्यूरिटन’ म्हणजे सुखोपभोगाचा, विशेषतः लैंगिक बाबतीत मोकळेपणाचा, तिटकारा असणारा मनुष्य, असा अर्थ रूढ आहे. ऐतिहासिक प्यूरिटन मद्य सर्वस्वी वर्ज्य मानीत नसत आणि वैवाहिक प्रेमाचा त्यांच्या लेखनात गौरव आढळतो. तथापि १६४२ मध्ये पार्लमेंटने नाट्यगृहे बंद केली, अशा घटनांमुळे लोकस्मृतीत त्यांची कठोर प्रतिमाच टिकून राहिली.

‘प्रेसबिटेरियन’ हा शब्द मात्र वर्णनात्मक आहे. ‘वडील’ या अर्थाच्या ‘प्रेसबुतेरॉस’ या ग्रीक शब्दावरून तो आला. बिशपाऐवजी धर्मोपदेशक व निवडलेले वडील यांच्या श्रेणीबद्ध मंडळांनी चर्चचा कारभार पाहावा, ही पद्धती त्यातून सूचित होते. १५६० मध्ये स्कॉटलंडमध्ये जॉन नॉक्सच्या नेतृत्वाखाली धर्मसुधारणा झाली आणि पुढील शतकातील दीर्घ संघर्षानंतर तेथे ही पद्धती स्थिर झाली.

पूर्वनियोजन व निवड : कोणाचे तारण व्हावे हे परमेश्वराने सृष्टीच्या निर्मितीपूर्वीच, केवळ आपल्या इच्छेने ठरविले आहे, हा पूर्वनियोजनाचा सिद्धांत होय. तो कॅल्व्हिनचा स्वतंत्र शोध नव्हे. सेंट ऑगस्टीनच्या (३५४–४३०) लेखनात त्याची मुळे आहेत. कॅल्व्हिनने निवडीबरोबरच त्यागही ईश्वरी संकल्पानेच होतो, असे स्पष्टपणे मांडले. व्यवहारात या शब्दाचा ‘जे व्हायचे ते होणारच’ असा अर्थ केला जातो. परंतु सिद्धांताचा विषय तारण हा आहे आणि त्यात मनुष्याची नैतिक जबाबदारी नाकारलेली नाही. भारतीय कर्मसिद्धांताहूनही तो भिन्न आहे. कर्मसिद्धांतात फळ कर्त्याच्या कृतीस अनुसरून मिळते, तर येथे निवड कोणत्याही कृतीवर किंवा पात्रतेवर अवलंबून नसते. नियती ही व्यक्तिनिरपेक्ष शक्ती. पूर्वनियोजनामागे मात्र ईश्वराची इच्छा असते.

या शब्दाच्या अर्थावरून हॉलंडमध्ये राजकीय संघर्ष उद्भवला. लायडनचा प्राध्यापक याकोबुस आर्मीनिउस (१५६०–१६०९) याच्या मते कोण श्रद्धा ठेवील हे पूर्वज्ञानाने जाणून ईश्वर निवड करतो. त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमांचे निवेदन सादर केले. १६१८-१९ मध्ये डॉर्ट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने ते अमान्य केले व सु. दोनशे धर्मोपदेशक पदच्युत झाले. या पक्षाला पाठिंबा देणारा वयोवृद्ध मुत्सद्दी योहान व्हान ओल्डनबार्नेव्हेल्ट याला, प्रामुख्याने राजकीय आरोपांवरून, १३ मे १६१९ रोजी देहान्त शासन झाले. विधिज्ञ ह्यूगो ग्रोशिअस याला जन्मठेप झाली. १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून तो निसटला.

डॉर्टच्या निर्णयांवरून ‘कॅल्व्हिन पंथाची पाच सूत्रे’ हा शब्दप्रयोग निघाला. त्यांची इंग्रजी आद्याक्षरे जुळवून ‘ट्यूलिप’ हे स्मृतिसूत्र विसाव्या शतकात लोकप्रिय झाले. डच भाषेत फुलाच्या नावाचे वर्णलेखन वेगळे असल्याने ते तेथे जुळत नाही. शिवाय मूळ निर्णयांचा क्रमही निराळा आहे. या सूत्रांतील पदेही सामान्य वाचकाची दिशाभूल करतात. ‘संपूर्ण भ्रष्टता’ म्हणजे मनुष्य कमाल दुष्ट आहे असे नव्हे, तर बुद्धी, इच्छा, भावना यांपैकी त्याचे कोणतेही अंग पापाच्या स्पर्शापासून मुक्त नाही, असा तिचा आशय आहे. ‘संतांची चिकाटी’ यातील संत म्हणजे सिद्धपुरुष नव्हेत, तर सर्व खरे श्रद्धावंत. ‘निवडलेले’ या शब्दाला स्कॉटलंडमध्ये उपरोधाची धार आली. आपली निवड झाल्याच्या खात्रीने स्वतःचे दोष झाकणाऱ्या दांभिक वडिलाचे चित्र रॉबर्ट बर्न्सने १७८५ मध्ये रचलेल्या ‘होली विलीज प्रेअर’ या उपहासकाव्यात रेखाटले आहे.

पाचारण : मध्ययुगात ईश्वरी पाचारण हे मुख्यतः धर्मगुरू व मठवासी यांच्याविषयी बोलले जाई. ल्यूथरने आणि त्यानंतर कॅल्व्हिनने शेतकरी, कारागीर, व्यापारी यांच्या कामालाही तीच प्रतिष्ठा दिली. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात असे मांडले, की आपण निवडलेल्यांपैकी आहोत किंवा नाही या चिंतेतून नेटका उद्योग व काटकसर यांना धार्मिक मूल्य आले आणि आधुनिक भांडवलशाहीच्या मनोवृत्तीस त्याने चालना मिळाली. त्याचा आधार प्रत्यक्ष कॅल्व्हिनपेक्षा रिचर्ड बॅक्स्टरसारख्या उत्तरकालीन प्यूरिटनांवर अधिक असल्याने व त्याच्या प्रमेयाला अनेक अपवाद दाखविता येत असल्याने हा सिद्धांत वादग्रस्त राहिला. तरीही ‘प्रॉटेस्टंट कार्यनीती’ हा शब्दप्रयोग ज्यांनी वेबर वाचला नाही, त्यांच्याही तोंडी आहे. इंग्रजीतील ‘व्होकेशन’ या शब्दातून बोलावणाऱ्याची कल्पना बहुतांशी लोपली असून व्यावसायिक शिक्षणापुरता तो उरला आहे.

हॉलंड व दक्षिण आफ्रिका : डच भाषेत ‘सुधारित’ या अर्थाचे ‘हेर्व्हॉर्मड’ व ‘खेरेफॉर्मेर्ड’ असे दोन शब्द आहेत. कोशात ते समानार्थी असले, तरी १८८६ मध्ये आब्राहाम काइपर (१८३७–१९२०) याच्या नेतृत्वाखाली झालेल्या फुटीनंतर ते दोन वेगळ्या चर्चसंस्थांचे निदर्शक बनले. शाळा, वृत्तपत्रे, राजकीय पक्ष यांवरही ही विभागणी उमटली. २००४ मध्ये दोन्ही प्रमुख संस्था ल्यूथरपंथीयांसह एकत्र आल्या. आजच्या डच बोलीत ‘कॅल्व्हिनिस्ट’ हे विशेषण निरीश्वरवाद्यालाही लावतात. काटकसरी, साधा, बडेजाव न आवडणारा व चैन करताना मनात अपराधी वाटणारा, असा त्याचा अर्थ आहे.

दक्षिण आफ्रिकेत ‘निवड’ व ‘पाचारण’ ही पदे व्यक्तीकडून राष्ट्राकडे वळविली गेली. आफ्रिकानर समाज हा विशेष कार्यासाठी बोलावलेला लोकसमूह आहे, या विसाव्या शतकातील विचाराने वंशविच्छेदाच्या धोरणाला धार्मिक आधार पुरविला. मूळ सिद्धांतात निवड ही गुणनिरपेक्ष असल्याने गर्वाला त्यात थारा नव्हता. येथे तीच श्रेष्ठत्वाचे प्रमाण ठरली. या अर्थविपर्यासाला विरोध त्याच परंपरेतून झाला. १९८२ मध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनेने वंशविच्छेदाचे धर्मशास्त्रीय समर्थन पाखंड ठरवून दोन गौरवर्णीय चर्चचे सदस्यत्व स्थगित केले. त्याच वर्षी डच रिफॉर्म्ड मिशन चर्चने बेलहार येथे आपले श्रद्धानिवेदन सिद्ध केले व १९८६ मध्ये ते अंगीकारले.

मराठीतील परिभाषा : महाराष्ट्रात ही परंपरा अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांमार्फत आली. काँग्रिगेशनल परंपरेचे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले व १८३१ पासून अहमदनगर हे त्यांचे महत्त्वाचे केंद्र बनले. स्कॉटिश मिशनने १८२३ मध्ये कोकणात कार्यास प्रारंभ केला. जॉन विल्सन (१८०४–७५) १८२९ मध्ये मुंबईस आला. या पंथीयांपैकी बऱ्याच मंडळ्या १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारत चर्चमध्ये समाविष्ट झाल्या.

मराठी बायबल व उपासनाविधी यांसाठी नवे शब्द घडविण्याऐवजी बहुधा प्रचलित शब्दच नव्या अर्थाने योजण्यात आले. त्यामुळे ख्रिस्ती मराठीत ‘मंडळी’ म्हणजे चर्च, ‘वडील’ म्हणजे कारभारी मंडळाचा सभासद आणि ‘पाळक’ म्हणजे धर्मोपदेशक. ‘तारण’ हा शब्द पेढीच्या व्यवहारात कर्जासाठी गहाण ठेवलेल्या वस्तूचा, तर उपासनेत पापमुक्तीचा वाचक आहे. ‘पाचारण’ हा शब्द बायबलच्या अनुवादात ईश्वरी बोलावण्यासाठी येतो. एरवी तो औपचारिक निमंत्रणासाठी वापरतात. सर्वांत लक्षणीय अंतर ‘नीतिमान’ या शब्दात पडते. सामान्य मराठीत नीतिमान म्हणजे सदाचाराने वागणारा. कॅल्व्हिनपंथीयांच्या, तसेच एकंदर प्रॉटेस्टंट, शिकवणुकीत मात्र मनुष्य स्वतःच्या सदाचारामुळे नव्हे, तर विश्वासाच्या द्वारे व केवळ कृपेने नीतिमान ‘ठरविला’ जातो. शब्द एकच असूनही त्यातील एक अर्थ दुसऱ्याच्या नेमका विरुद्ध टोकास जातो. म्हणून या परंपरेचे जुने मराठी साहित्य वाचताना अशा शब्दांचा पारिभाषिक अर्थ ध्यानी घेणे अगत्याचे ठरते.