अत्याचारानंतरची रात्र आणि समाजाचे दार

स्त्रीवरील अत्याचाराचा विचार दलित चळवळीने आजवर प्रामुख्याने निषेधाच्या अंगाने केला आहे. मोर्चा, निवेदन, शिष्टमंडळ, बंद ही आपली हत्यारे. ती आवश्यकच होती आणि आहेत. पण मोर्चा संध्याकाळी पांगतो आणि ती स्त्री त्याच गावात, त्याच पाणवठ्यावर, त्याच मालकाच्या बांधावर मागे उरते. तिला दवाखान्यात कोण नेते? कोर्टाच्या तारखेला तिच्या सोबत कोण बसते? मजुरी बुडाली त्या दिवशी तिच्या चुलीवर काय शिजते? या प्रश्नांनाही इतिहास आहे. तो विखुरलेला आहे, म्हणून तो जोडून पाहिला पाहिजे.

त्याचा आरंभ पुण्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या घरात होतो. त्या काळच्या ब्राह्मण विधवेला पुनर्विवाह बंद होता आणि घरातल्या किंवा ओळखीतल्या पुरुषाच्या वासनेपासून संरक्षण नव्हते. दिवस गेले की विहीर जवळ करायची, नाही तर जन्मलेले मूल मारून काळ्या पाण्यावर जायचे. गोवंडे या जोतीरावांच्या स्नेह्याकडे स्वयंपाक करणाऱ्या अशाच एका विधवेला अंदमानची शिक्षा झाली. पुरुष मात्र मोकळा राहिला. या अनुभवातून 1863 साली फुले दांपत्याने आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे वा ठेवून जावे, असे जाहीर कागद त्यांनी ब्राह्मण वस्तीत लावले. 1884 साली मलबारींच्या टिपणांवर मत देताना जोतीरावांनी हिशेबच मांडला: तोवर 35 विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या आणि त्यांच्या मुलांपैकी 5 जगली. गर्भ पाडण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीच्यांचा बळी घेतला. या गृहात 1874 साली जन्मलेल्या यशवंताला फुले दांपत्याने दत्तक घेतले.

या गृहाचा विशेष असा की तेथे स्त्रीच्या चारित्र्याची चौकशी दाराशी होत नव्हती. आधी अंथरूण, अन्न आणि सुईण, मग बाकीचे. ज्या जातीने शूद्राला ज्ञान नाकारले, तिच्या लेकीसाठी एका माळ्याने दार उघडले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. ती सांगताना आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. त्या काळातील महार-मांग स्त्रीला असे दार कोठे होते? तिला ते नव्हते, कारण तिच्यावरील अत्याचार लपवण्याजोगा मानलाच जात नव्हता. विधवेची विटंबना कुळाची नाचक्की ठरे, म्हणून ती झाकली जाई. अस्पृश्य स्त्रीची विटंबना रूढी ठरे, म्हणून ती उघड्यावर चाले. मुरळी, जोगतीण ही नावे देऊन धर्मानेच तिच्या देहावर गावाचा हक्क नोंदवला होता.

या रूढीला समाजाच्या आतून पहिले मोठे आव्हान दिले ते शिवराम जानबा कांबळे यांनी. त्यांच्या ‘सोमवंशीय मित्र’ पत्राने मुरळीप्रथेविरुद्ध मोहीम चालवली. शिवूबाई या मुरळीने 1909 साली त्या पत्राला लिहून आपली कहाणी जगापुढे मांडली. कांबळ्यांचे सहकारी गणपतराव हणमंतराव गायकवाड यांनी तिच्याशी विवाह केला. शोषित स्त्री स्वतः बोलते, समाजाचे पत्र ते छापते आणि समाजातला माणूस तिच्या बाजूने उभा राहतो, हे आपल्या इतिहासात तेव्हाच घडले. मात्र उपाय एकच होता, लग्नाचा. ज्यांना नवरा मिळाला नाही त्यांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहिला.

पुढची पायरी नाशिक जिल्ह्याने पाहिली. 1930 साली सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात आपल्या बायका मोठ्या संख्येने उतरल्या. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर आठ महिन्यांनी, 16 जून 1936 रोजी, मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये ते देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि वेश्याव्यवसायातील स्त्रियांसमोर बोलले. हे जिणे सोडा, असे त्यांनी निक्षून सांगितले. पोट कसे भरायचे, हा प्रश्न तुम्ही विचाराल हेही त्यांनीच बोलून दाखवले. पण त्याचे उत्तर मी देणार नाही, मार्ग शेकडो आहेत, असे ते म्हणाले. एका माणसाने हजारोंच्या पोटाचा हिशेब व्यासपीठावरून द्यावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. त्यांनी स्वाभिमानाचा आदेश दिला. त्या आदेशामागून भाकरीची आणि निवाऱ्याची सोय उभी करणे हे अनुयायांचे काम होते. ते आपण कितपत केले?

आता देसाईगंजची रात्र आठवावी. 26 मार्च 1972. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यात मजुरी करणारी एक आदिवासी मुलगी आत अडकवली गेली. ठाण्याचे दिवे गेले, दार आतून बंद झाले. बाहेर थांबलेल्या बाईने तिला हाका मारल्या. उत्तर आले नाही, पण हाकांनी लोक जमले. जमाव ठाणे पेटवण्याच्या गोष्टी बोलू लागला, तेव्हा हवालदाराने येऊन लोकांना शांत केले आणि तिची फिर्याद लिहून घेतली. या खटल्याच्या चर्चेत हा तपशील सहसा मागे पडतो. त्या गरीब माणसांचा गलका झाला नसता तर फिर्याद कोणी नोंदवली असती?

पण लोक पांगले आणि मुलगी एकटी उरली. डॉक्टरी तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता झाली. 1974 साली सत्र न्यायालयाने आरोपी सोडले आणि तिच्या चारित्र्यावर ताशेरे मारले. 1976 मध्ये नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, हे त्याचे एक कारण होते. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. 1980 साली मुंबईत स्त्रियांचा बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. खटला आजही त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. ते नाव येथे लिहीत नाही. कायद्याला तिचे नाव पुरले, तिला मात्र त्या कायद्याचा उपयोग झाला नाही.

नाशिकने 2016 साली याच्या नेमकी उलट गोष्ट पाहिली. ऑक्टोबरमध्ये तळेगाव-अंजनेरी येथे पाच वर्षांच्या एका मुलीवर अत्याचाराचा प्रयत्न झाला. आरोपी अल्पवयीन आणि दलित होता. त्यानंतर जिल्ह्यातील गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, एसटीच्या गाड्या जळाल्या. त्या गदारोळात ती चिमुरडी कोणाच्या लक्षात राहिली? देसाईगंजच्या जमावाने मुलीसाठी फिर्याद मागितली. येथील जमावांनी मुलीचे निमित्त करून जातीचा सूड मागितला. अब्रू जमातीची मानली की स्त्री झेंडा होते आणि झेंड्याला दवाखाना लागत नाही. हा दोष फक्त त्यांचा आहे असे समजू नये. आपल्या वस्तीतल्या मुलीवर आपल्याच माणसाने हात टाकला, की ‘समाजाचे नाव जाईल’ म्हणून तिला गप्प बसवणारे आपणही त्याच अब्रूचे पुजारी असतो.

आज कायदा पूर्वीपेक्षा पुष्कळ पुढे आहे. सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही रुग्णालयाने बलात्कारपीडितेवर ताबडतोब मोफत उपचार करणे 2013 पासून बंधनकारक आहे. 2013 मध्येच राज्याची मनोधैर्य योजना आली. 2015 पासून ‘सखी’ केंद्रांची योजना सुरू झाली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांप्रमाणे बलात्काराच्या प्रकरणात निम्मे अर्थसाहाय्य वैद्यकीय तपासणी आणि तिचा अहवाल यांनंतर, पाव आरोपपत्रानंतर आणि पाव खालच्या कोर्टातील खटला संपल्यावर मिळायचे असते. म्हणजे देसाईगंजला तपासणीआधी गेलेला दिवस आजही तितकाच महाग पडतो. आणि याच कायद्यात 2016 पासून लागू झालेले कलम 15अ सांगते की संस्था, सामाजिक कार्यकर्ते वा वकील यांची मदत घेणे हा पीडितेचा हक्क आहे. प्रवासखर्च, पोटगी, पुनर्वसन, गरज पडल्यास दुसरीकडे राहण्याची व्यवस्था, हेही त्यात आहे.

कायद्याने सोबतीचा हक्क दिला, पण सोबती कोठून आणायचा? सुरगाणा-पेठच्या पाड्यावरून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत आलेल्या मजूर बाईला हे कलम कोण वाचून दाखवणार? बाग मालकाची, खोपही मालकाची. तक्रार केली की मजुरी आणि निवारा एकाच दिवशी जातो. तिला भाषण नको आहे. तिला त्या रात्री सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत नेणारे वाहन, शेजारी बसणारी एक बाई, अंगावरचे कपडे न धुता कोरड्या कागदात ठेवायला सांगणारा कोणी, फिर्यादीची मोफत प्रत मागून घेणारा कोणी, आणि महिनाभर टेकायला एक खोली हवी आहे.

हे सारे आपल्या आवाक्यात आहे. तालुक्याला समाजमंदिरे आहेत, विहारे आहेत, शिक्षक आहेत, वकील झालेली मुले-मुली आहेत. प्रत्येक तालुक्यात दोन स्त्रिया आणि एक वकील एवढ्यांची नावे वस्तीवस्तीत माहीत असली आणि विहाराची एक खोली या कामासाठी राखली, तरी आरंभ होईल. अट एकच: दाराशी जात विचारायची नाही, आरोपी कोणाचा हेही विचारायचे नाही. 1863 साली पुण्यातल्या एका घराने एवढे करून दाखवले होते, आणि त्या घराच्या पाठीशी कोणताही कायदा नव्हता.