भिंतीचीं दोन अंगें व आरपार दगड

ज्युबिलीच्या प्रसंगीं पूर्वजांनीं काय बांधलें ह्याचें स्मरण करण्याची रीत आहे. धाराशिव जिल्ह्यांतील माणसानें मात्र बांधलेलें कां पडलें, ह्याचेंही स्मरण ठेविलें पाहिजे.

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले असतां, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं भूकंप झाला. लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व आपल्या जिल्ह्यांतील सास्तूर ह्या परिसरांत सुमारें आठ हजार माणसें मृत्यु पावलीं. जगाच्या मानानें हा भूकंप फार मोठा नव्हता. मग एवढा संहार कां झाला?

दोष भिंतींत होता. आपल्याकडील दगडमातीची भिंत रुंद असते खरी. पण तिचें बाहेरचें अंग निराळें व आंतलें निराळें, आणि मध्यें माती व चिपा यांची भर. दोन्ही अंगांस धरणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवदाच्या मातीचें ओझें. धक्क्यासरशीं दोन्ही अंगें फुगून सुटलीं व निजलेल्यांवर कोसळलीं. कित्येक घरांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. भिंती तेवढ्या गेल्या.

पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. परंतु उभ्या राहिलेल्या घरांचें काय? तीं न पाडतां सावरण्याचा उपाय तज्ज्ञांनीं सांगितला. भिंतींतील एकेक दगड हलक्या हातानें सैल करून आरपार भोंक पाडावें, त्यांत आंकडे वळविलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरावें व निदान दहा दिवस पाणी मारावें.

हीं भोंकें कोठें पाडावीं? आडवें व उभें अंतर सुमारें १ मीटर. परंतु प्रत्येक ओळ खालच्या ओळीपासून अर्धा मीटर सरकविलेली. एकाखालीं एक बांधे घातले तर चार बांध्यांच्या मधला भाग जवळच्या बांध्यापासून ७१ सेंटिमीटर दूर राहतो. ओळ सरकविली कीं हेंच अंतर अदमासें ६२ वर येतें. बांधे तितकेच, खर्चही तितकाच. पण भिंतीस फुगावयास जागा कमी. शिवाय सर्व भोंकें एका उभ्या रेषेंत येत नाहींत. नवी भिंत बांधतांना ६० सेंटिमीटरच्या प्रत्येक थरांत, १.२ मीटरहून अधिक अंतर न ठेवतां, आरपार दगड घालावा असा नियम आहे.

घाटांतील कापलेल्या दरडींत लोखंडी सळया रोवतांना हाच विचार करितात. तेथें सरकविलेली मांडणीही करितात. मात्र पाणी निघण्याच्या उभ्या पट्ट्या सरळ ठेवावयाच्या असतील तर चौकटीची मांडणी सोयीची पडते.

प्रभूच्या दाखल्यांतील मूर्खाचें घर वाळूवर होतें, म्हणून पडलें. आमच्या घरांचा मुख्य दोष पायांत नव्हता, बंधांत होता. धर्मग्रामाचेंही तसेंच आहे : जवळ जवळ उभें राहणें म्हणजे बांधलेलें असणें नव्हे. म्हणून ह्या वर्षीं जो कोणी दगडमातीची भिंत घालील, त्यानें गवंड्यास प्रथम एवढेंच विचारावें : आरपार दगड कोठें कोठें घालणार?