कॅल्शियम हायड्रॉक्साइड व ऊसप्रक्रिया
कळीच्या चुन्यावर पाणी टाकले असता मिळणारे पांढरे, चूर्णरूप, अल्कधर्मी संयुग. व्यवहारात यास विरलेला चुना म्हणतात. शुद्ध चुनखडी सु. ९००° से. तापमानास भाजली असता कार्बन डाय-ऑक्साइड निघून जाऊन १०० भागांपासून ५६ भाग कळीचा चुना उरतो. त्याचा १८ भाग पाण्याशी संयोग होऊन ७४ भाग हायड्रॉक्साइड बनते. या वेळी पुष्कळ उष्णता बाहेर पडते. चुन्याला दाहकता अग्नीपासून मिळते हा जुना समज जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञांच्या १७५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांमुळे मागे पडला.

हे संयुग पाण्यात अल्प प्रमाणात विरघळते (२०° से.ला १०० मिलि. मध्ये सु. ०·१७ ग्रॅ.). तापमान वाढल्यास विद्राव्यता घटते, हा त्याचा विशेष होय. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडामुळे निवळीवर साय धरते.

कृष्णा व पंचगंगा यांच्या काठच्या शिरोळ तालुक्यात (जि. कोल्हापूर) या संयुगाचे महत्त्व उसामुळे आहे. ताजा रस अम्लीय असतो (पीएच मूल्य सु. ५ ते ५·५). तो तसाच तापविल्यास सुक्रोजाचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन होते आणि तेवढी साखर स्फटिकरूपाने हाती येत नाही. गुऱ्हाळावर रानभेंडीच्या चिकाने मळी वर आणतात व निवळीने अम्लता मारतात. चुना कमी पडला तर गूळ मऊ राहतो, अधिक झाला तर काळवंडतो. हे प्रमाण गुळव्या काहिलीतील रसाच्या रंगावरून व फेसावरून ठरवीत आला. रसायनशास्त्राने त्याला नंतर कारण पुरविले. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून वापरले जाणारे हायड्रोस मात्र निराळे. ते केवळ विरंजक असून त्याने आणलेला उजळपणा साठवणीत टिकत नाही. चुन्याशी त्याची गल्लत करणे योग्य नव्हे.

पुढे शिरोळ येथे श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. भारतातील बहुतेक साखर कारखान्यांत तापविलेल्या रसात चुन्याचे दुधाळ मिश्रण व सल्फर डाय-ऑक्साइड सोडतात. रसातील फॉस्फेटाशी चुन्याचा संयोग होऊन बनणारा अवक्षेप मलद्रव्यांना खाली ओढतो. कॅल्शियम सल्फाइटही त्यास साहाय्य करते. निवळलेला रस उदासीन, म्हणजे पीएच ७ च्या आसपास ठेवावा लागतो. त्याहून बराच वर गेल्यास ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे विघटन होऊन रंग गडद होतो. रसात शिल्लक राहिलेले कॅल्शियम बाष्पकाच्या नळ्यांत कीट रूपाने बसते आणि ते काढण्यासाठी हंगामात कारखान्याला काम थांबवावे लागते.